इन्स्टॉलरची विंडो: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

डेस्कटॉप अ‍ॅपच्या सेटअपबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्क्रिप्टमधल्या ओळींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची.

प्रश्न (वाशी): मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी पट्टी आणि बिलं करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सेटअप इन्नो सेटअपमध्ये (इन्स्टॉलर बनवायचं साधन) आहे. विझार्डच्या डाव्या बाजूचं चित्र आमच्या मॉनिटरवर झकास दिसतं, पण गाळ्यावरच्या लॅपटॉपवर गोल लोगो अंडाकृती आणि पुसट होतो. काही ठिकाणी तर चित्र पहिल्या पानावर येतच नाही. असं का होतं?

उत्तर: यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोपी आधी घेऊ. इन्नो सेटअपच्या ५.५.७ या आवृत्तीपासून स्वागताचं पान मुळातच बंद असतं. मोठं उभं चित्र फक्त स्वागताच्या आणि समाप्तीच्या पानावर येतं, त्यामुळे स्वागत बंद असलं की ते थेट शेवटी दिसतं. जिथे चित्र पहिल्या पानावर दिसतंय तिथला सेटअप बहुधा जुन्या आवृत्तीत बनलेला आहे, किंवा त्या स्क्रिप्टमध्ये डिसेबलवेलकमपेज या ओळीपुढे 'नो' लिहिलेलं आहे. आमचा सल्ला पान बंदच ठेवण्याचा. 'स्वागत आहे, पुढे जाण्यासाठी पुढे दाबा' एवढंच सांगणारं पान म्हणजे ग्राहकाला द्यायला लावलेली एक फुकटची टिचकी.

आता अंडाकृती लोगो. तुमचा मॉनिटर १०० टक्के स्केलिंगवर असणार आणि गाळ्यावरचा लॅपटॉप १२५ किंवा १५० टक्क्यांवर. इन्नो सेटअपच्या सहाव्या आवृत्तीत उभ्या चित्राचं १०० टक्क्यांचं माप १६४ बाय ३१४ पिक्सेल आहे. १२५ टक्क्यांना ते १९२ बाय ३८६, १५० टक्क्यांना २४६ बाय ४५९ आणि २०० टक्क्यांना ३२८ बाय ६०४ होतं. (तुमच्या आवृत्तीच्या हेल्प फाइलमधला तक्ता एकदा ताडून पाहा.) गणित केलंत तर लक्षात येईल की १०० वरून १२५ ला जाताना रुंदी सुमारे १.१७ पट वाढते आणि उंची सुमारे १.२३ पट. विझार्डची मापं पिक्सेलमध्ये नसतात, फाँटच्या मापावरून निघतात, आणि फाँटची रुंदी-उंची पूर्ण पिक्सेलवर आणताना दोन्हीकडे सारखी वाढत नाही. म्हणून एकच १६४ बाय ३१४ चं चित्र दिलंत तर ते एका दिशेला जास्त ओढलं जातं. वर्तुळाचं अंडं होतं ते इथेच.

उपाय असा. विझार्डइमेजफाइल या ओळीत एकाऐवजी अनेक फाइली द्या, स्वल्पविरामाने तोडून किंवा तारांकन चिन्ह वापरून. सेटअप त्यातली स्क्रीनला सर्वांत जुळणारी फाइल स्वतः निवडतो. मात्र या फाइली एका मोठ्या चित्रावरून नुसत्या लहान करून काढू नका, कारण मग तोच ताण पुन्हा येईल. इंकस्केप, फिग्मा, इलस्ट्रेटर, जे हाताशी असेल त्यात प्रत्येक मापाचा वेगळा आर्टबोर्ड घ्या. पार्श्वभूमी त्या मापाला भरू द्या आणि लोगो व्हेक्टरमधूनच, रुंदी-उंचीचं प्रमाण पक्कं ठेवून, प्रत्येक आर्टबोर्डवर नव्याने बसवा. लोगोची रुंदी चित्राच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवा. तो चित्राच्या वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवा आणि चारी बाजूंना किमान १२ पिक्सेल मोकळे सोडा. बारीक रेघा १०० टक्क्यांच्या फाइलमध्ये पूर्ण पिक्सेलवर बसल्या आहेत ना, हे ८०० टक्के झूम करून बघा. अर्ध्या पिक्सेलवर बसलेली रेघ दोन पिक्सेलांची राखाडी पट्टी होते. तुम्ही ज्याला पुसट म्हणता त्यातला बराच भाग तोच असतो.

फाइल बिटमॅप असू द्या, ती सगळ्या आवृत्त्यांत चालते. २४ बिटांची ३२८ बाय ६०४ ची फाइल साधारण ५८० किलोबाइटची होते. सपाट रंग असेल तर सेटअपमध्ये दाबून ती नगण्य उरते. गडद निळ्यातून फिकट निळ्यात जाणारी छटा असेल तर स्वस्त पॅनेलवर तिचे पट्टे दिसतात. एक-दोन टक्के नॉइज घातला की पट्टे मोडतात, पण मग फाइल नीट दाबली जात नाही. सपाट रंग घ्या, दोन्ही कटकटी मिटतील.

वरच्या कोपऱ्यातल्या लहान चित्राचं मूळ माप ५५ बाय ५५ आहे, आणि त्याच्याही वेगवेगळ्या मापांच्या फाइली देता येतात. तिथे पारदर्शक कडा हव्या असतील तर ३२ बिटांची बिटमॅप करा आणि विझार्डइमेजअल्फाफॉर्मॅट या ओळीत तिचा प्रकार सांगा. बहुतेक चित्र-सॉफ्टवेअर साधा अल्फा (पारदर्शकतेची माहिती) लिहितात, त्याला 'डिफाइन्ड' म्हणायचं. तिथे चुकून 'प्रीमल्टिप्लाइड' लिहिलं तर लोगोच्या कडा बिघडतात, आणि ओळच विसरलात तर पारदर्शकता चालतच नाही.

चित्रात अक्षरं घालू नका, विशेषतः आवृत्तीचा क्रमांक. पुढच्या आवृत्तीला तो बदलायचा राहतो आणि ग्राहक फोन करून विचारतो की नवीन दिलंय की जुनंच.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमचं अ‍ॅप हाउसिंग सोसायट्यांच्या हिशोबाचं आहे. इन्स्टॉल करताना हिरवी पट्टी भराभर शेवटपर्यंत जाते आणि मग तीन-चार मिनिटं काहीच हलत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी 'हँग झालं' म्हणून मशीनच बंद करतात. मग डेटाबेस अर्धवट राहतो. पट्टी खरी कशी दाखवायची?

उत्तर: पट्टी खोटं बोलत नाही, ती फक्त फाइली उतरवण्याचं मोजते. तुमचा खरा वेळ त्यानंतर जातो, म्हणजे व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम आणि डेटाबेस इंजिन गुपचूप बसतं तेव्हा. इन्नो सेटअपच्या स्क्रिप्टमधल्या 'रन' विभागातल्या या कामांना पट्टीत जागाच नाही. त्या वेळी रद्द करायचं बटणही बंद असतं, म्हणून माणूस सरळ पॉवरचं बटण दाबतो.

पहिली दुरुस्ती: 'रन' विभागातल्या प्रत्येक ओळीला स्टेटसएमएसजी द्या आणि त्यात काम आणि अंदाजे वेळ दोन्ही सांगा. 'डेटाबेस बसवत आहोत. याला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, कॉम्प्युटर बंद करू नका.' 'कृपया थांबा' एवढं लिहून भागत नाही. किती थांबायचं ते कळलं तरच माणूस थांबतो. वेळ लिहिताना तुमच्या एसएसडीवरचा लिहू नका. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर मोजा आणि तोच लिहा.

दुसरी: त्या ओळीला बिफोरइन्स्टॉल आणि आफ्टरइन्स्टॉल जोडा. बिफोरमध्ये विझार्डच्या प्रोग्रेस गेजची शैली मार्की करा, म्हणजे पट्टी भरण्याऐवजी इकडून तिकडे फिरत राहील, आणि आफ्टरमध्ये ती परत साधी करा. भरलेली आणि स्थिर पट्टी म्हणजे 'अडकलं'. फिरती पट्टी म्हणजे 'चालू आहे, पण किती उरलंय ते सांगता येत नाही', आणि वस्तुस्थिती तीच आहे. टक्क्यांचा खोटा आकडा चढवत नेऊ नका. ९९ वर चार मिनिटं थांबलेला आकडा जास्त घाबरवतो.

तिसरी, आणि हिचा उपयोग सगळ्यांत जास्त: जे आधीच आहे ते पुन्हा बसवू नका. व्हिज्युअल सी प्लस प्लसचं २०१५ नंतरचं ६४ बिटांचं रनटाइम आहे की नाही ते रजिस्ट्रीत कळतं. लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर शाखेत मायक्रोसॉफ्ट, व्हिज्युअलस्टुडिओ, १४.०, व्हीसी, रनटाइम्स, एक्स-६४ असा मार्ग आहे. तिथे 'इन्स्टॉल्ड' ची किंमत १ असेल आणि आवृत्तीही पुरेशी नवी असेल, तर ते पाऊलच गाळा. त्यासाठी 'चेक' नावाचा पॅरामीटर आहे.

एक खोच लक्षात ठेवा. 'रन' विभाग बाहेरच्या प्रोग्रॅमचा परतावा-क्रमांक बघत नाही. रनटाइमचा इन्स्टॉलर ३०१० परत देतो तेव्हा त्याचा अर्थ 'झालं, पण रीस्टार्ट हवा' असा असतो. १६३८ आला तर याहून नवी आवृत्ती आधीच आहे. म्हणजे दोन्हीतलं एकही अपयश नाही. हे तपासायचं असेल तर काम 'रन' मधून काढून प्रिपेअरटूइन्स्टॉल या फंक्शनमध्ये 'एक्झेक' ने चालवा. ३०१० आला तर तिथेच रीस्टार्टची खूण करता येते. मात्र तिथे चालवायची फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरात काढावी लागते. सॉलिड कॉम्प्रेशन (सगळ्या फाइली एकत्र दाबणं) चालू असेल आणि ती फाइल यादीत शेवटी असेल, तर तिच्यापर्यंत पोचायला आधीचं सगळं उलगडावं लागतं आणि विंडो पुन्हा गोठते. म्हणून अशा फाइली 'फाइल्स' विभागात सगळ्यांत वर ठेवा.

अर्धवट डेटाबेसचं म्हणाल, तर सोसायटीचा डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्ये कधीच ठेवू नका. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते. जुन्या ३२ बिटांच्या अ‍ॅपचं लिखाण तर विंडोज गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवतं. मग खजिनदाराने लॉग-इन केलं की एक हिशोब दिसतो आणि मॅनेजरने केलं की दुसरा. सगळ्यांनी मिळून वापरायचा डेटा प्रोग्रॅमडेटाखाली, आणि त्या फोल्डराला लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलरनेच द्यायची.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): वाचनालयांसाठी केलेल्या आमच्या प्रोग्रॅमचा सेटअप मराठीत करायचा आहे. वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, परवान्याच्या पानावर निम्मी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात आणि एका ग्राहकाकडे तर निव्वळ इंग्रजी अक्षरांची भेळ आली. इंग्रजीच ठेवावं का?

उत्तर: मराठीच ठेवा. ग्रंथपाल ज्या भाषेत नोंदी करतात त्याच भाषेत सेटअप उघडला पाहिजे, आणि तुमच्या तिन्ही अडचणी सुटणाऱ्या आहेत.

कापलेल्या वेलांट्या: इन्नो सेटअपच्या भाषा-फाइलीत वर्षानुवर्षं टाहोमा हा फाँट ठरलेला होता आणि त्यात देवनागरी नाही. विंडोज मग दुसऱ्या फाँटमधून अक्षरं उसनी घेतं, पण ओळीची उंची टाहोमाचीच राहते. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जास्त जागा लागते, ती मिळत नाही. भाषा-फाइलीच्या लँगऑप्शन्स विभागात डायलॉगफाँटनेम 'निर्मला यूआय' करा, माप ९. हा फाँट विंडोज ८ पासून सोबत येतो. विंडोज ७ ची मशीनं अजून सांभाळायची असतील तर तिथे 'मंगल' आहे. फाँट बदलला की सगळी विंडो त्या मानाने थोडी मोठी होते. ते बरोबरच आहे, त्याला हाताने लहान करू नका. त्याच विभागात भाषाक्रमांकही घाला. मराठीचा ११०२ आहे, फाइलीत तो षोडशमान पद्धतीत लिहायचा.

प्रश्नचिन्हं: परवान्याची टेक्स्ट फाइल एएनएसआयमध्ये (मराठी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह झाली आहे. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा. भाषा-फाइल आणि स्क्रिप्टसुद्धा तशीच ठेवा. एनएसआयएस (इन्स्टॉलर बनवायचं दुसरं साधन) वापरणाऱ्यांनी 'युनिकोड ट्रू' ही ओळ स्क्रिप्टच्या अगदी वर लिहावी.

इंग्रजी अक्षरांची भेळ: हा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झालेला आहे. त्या फाइलीत खरी मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. ज्या मशीनवर फाँट आहे तिथे दिसतं, नाही तिथे भेळ. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर डोळ्यांनी तपासा. रफार, ऱ्ह-ऱ्य आणि पहिली वेलांटी यांत कन्व्हर्टर हमखास घसरतात.

बटणांवर 'पुढे', 'मागे', 'रद्द करा', 'इन्स्टॉल करा' पुरे. इंग्रजी फाइलीत बटणाच्या शॉर्टकट अक्षराच्या आधी अँपरसँड चिन्ह असतं. मराठी करताना ते काढून टाका. देवनागरी अक्षराचा शॉर्टकट कीबोर्ड मराठी लेआउटवर असेल तेव्हाच चालतो, आणि चिन्ह जोडाक्षरात घुसलं तर अक्षर फुटतं. एंटर आणि एस्केप दोन्ही नेहमीसारखे चालतात. लांब वाक्यांकडे मात्र लक्ष द्या. समाप्तीच्या पानावरचं वाक्य मराठीत तीन ओळींचं होतं आणि खालच्या 'आता सुरू करा' या चौकटीला भिडतं. वाक्य छोटं करा, फाँट नको.

डिझायनरने चित्रात मराठी लिहून दिलं असेल तर ते भिंगातून बघा. फोटोशॉपमध्ये टेक्स्ट इंजिन 'वर्ल्ड-रेडी' नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. शिवाय चित्रातली अक्षरं एनव्हीडीएसारख्या, अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. वाचनालयांच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

आणखी एक चाचणी कराच. विंडोजमध्ये देवनागरी नावाचं खातं उघडा आणि सेटअप त्यातून चालवा. तात्पुरत्या फोल्डराच्या मार्गात मराठी अक्षरं आली की जुनी डीएलएल आणि बॅच फाइली कोसळतात, आणि ते तुमच्या 'अ‍ॅडमिन' नावाच्या खात्यावर कधीच दिसणार नाही.

प्रश्न (ऐरोली): मॅकसाठी डीएमजी (ज्यातून प्रोग्रॅम देतात ती डिस्क इमेज) करतो. डावीकडे अ‍ॅप, उजवीकडे अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डर, मधे बाण. आमच्या मॅकवर सुंदर दिसतं, ग्राहकाकडे पांढरी विंडो आणि आयकॉन विखुरलेले. रेटिनावर चित्र धुरकटही दिसतं.

उत्तर: डीएमजीची विंडो हा प्रोग्रॅम नसतो, ती फाइंडरचीच विंडो असते. तिचं माप, आयकॉनच्या जागा आणि पार्श्वभूमी कुठली, हे सगळं त्या डिस्क इमेजमधल्या 'डॉट डीएस स्टोअर' या लपलेल्या फाइलीत लिहिलेलं असतं. पांढरी विंडो येते तेव्हा एकतर ती फाइल लिहिलीच गेलेली नसते, किंवा तिच्यातला चित्राचा पत्ता चुकलेला असतो. चित्र तुमच्या डेस्कटॉपवरून ओढून लावलंत तर पत्ता तुमच्या डेस्कटॉपचा राहतो. तुमच्याकडे दिसेल, जगात इतर कुठेही नाही.

क्रम असा ठेवा. आधी लिहिता येईल अशी इमेज बनवा (मॅकच्या एचडीआययूटिल या साधनात यूडीआरडब्ल्यू प्रकार), आकार अ‍ॅपपेक्षा २०-३० एमबी जास्त. व्हॉल्यूमचं नाव इथेच कायमचं ठरवा. नंतर बदललंत तर चित्राचा पत्ता तुटू शकतो. आत बिंदूने सुरू होणारा 'बॅकग्राउंड' फोल्डर करा, चित्र त्यात टाका आणि तिथूनच लावा. अ‍ॅप्लिकेशन्सकडे जाणारी सिमलिंक (शॉर्टकटसारखी जोडणी) बनवा. आयकॉन व्ह्यू, मांडणी 'नन', आयकॉन १२८, टूलबार आणि साइडबार बंद. विंडो बंद करा, पुन्हा उघडून बघा, 'सिंक' द्या आणि मगच इमेज बाहेर काढा. फाइंडर ती फाइल सावकाश लिहितो. घाईने इमेज काढली की एकतर 'रिसोर्स बिझी' येतं किंवा मांडणी हरवते. शेवटी यूडीझेडओ प्रकारात बदला. यूएलएफओ घेतलात तर मॅकओएस १०.११ च्या आधीच्या मॅकवर उघडणार नाही.

बिल्ड सर्व्हरवर हे अ‍ॅपलस्क्रिप्टने करणं बेभरवशाचं, कारण तिथे फाइंडर समोर नसतो आणि ऑटोमेशनची परवानगी अडते. डीएमजीबिल्ड हे पायथनचं साधन डीएस स्टोअर फाइल थेट लिहितं, फाइंडर लागतच नाही. नियमित आवृत्त्या काढणाऱ्यांनी तेच वापरावं.

धुरकटपणासाठी दोन चित्रं करा, ६४० बाय ४०० (७२ डीपीआय) आणि १२८० बाय ८०० (१४४ डीपीआय), आणि टिफयूटिलच्या 'कॅट-हाय-डीपीआय-चेक' पर्यायाने त्यांची एक टिफ फाइल बनवा. डीपीआयचे आकडे चुकले तर मोठं चित्र दुप्पट आकाराने येतं आणि फक्त वरचा डावा कोपरा दिसतो.

विंडोच्या मापात शीर्षकपट्टीही धरली जाते. ४०० उंचीच्या चित्राला ४०० ची विंडो दिलीत तर तळ कापला जातो. मॅकओएस बिग सरपासून ही पट्टी आधीपेक्षा उंच आहे, म्हणून सुमारे २८ पॉइंट जास्त द्या. ज्यांनी फाइंडरमध्ये पाथ बार किंवा स्टेटस बार चालू ठेवला आहे त्यांच्याकडे तळाचा आणखी भाग झाकला जातो, तेव्हा खालचे ५० पॉइंट रिकामे सोडा. आयकॉनखालची नावं फाइंडर लिहितो, त्यांचा रंग तुमच्या हातात नाही. त्या जागी चित्राचा रंग मधल्या छटेचा असू द्या आणि लाइट-डार्क दोन्हींत तपासा. लपलेल्या फाइली दाखवणाऱ्यांच्या विंडोत बॅकग्राउंड फोल्डर मधोमध येऊन बसतो. त्याची जागा विंडोच्या दृश्य भागाखाली ठरवून टाका.

बाण हा नुसता शोभेचा नाही, त्याचं काम आहे. अ‍ॅप न ओढता तिथूनच उघडलं तर मॅकओएस सिएरापासून गेटकीपर (मॅकचा सुरक्षा-पहारेकरी) ते यादृच्छिक, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवतो आणि अ‍ॅपचं स्वतःचं अपडेट बंद पडतं. म्हणून बाण ठळक हवा. सहीचा क्रम: हार्डन्ड रनटाइमसह अ‍ॅपवर, मग डीएमजीवर, मग नोटरीटूलने तपासणीला (नोटरायझेशन) पाठवणं, शेवटी त्याची पावती जोडणारा स्टेपलर. जुन्या एएलटूलने नोटरायझेशन नोव्हेंबर २०२३ पासून होत नाही. नोटरायझेशन टाळून 'राइट-क्लिक करून उघडा' असं चित्रात लिहिणाऱ्यांसाठी: मॅकओएस सिक्वोयापासून ती वाट बंद आहे. वापरकर्त्याला सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीपर्यंत जावं लागतं.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): वर्कशॉपसाठी बारकोड छापायचं सॉफ्टवेअर. पेनड्राइव्हवरून दिलं की बिनबोभाट चालतं, वेबसाइटवरून डाउनलोड केलं की निळी विंडो, 'विंडोजने तुमचा पीसी वाचवला'. फाइल तीच आहे!

उत्तर: फाइल तीच, पण तिच्यावरची खूण वेगळी. ब्राउझर उतरवलेल्या फाइलीला 'ही इंटरनेटवरून आली' अशी चिठ्ठी जोडतो. ती चिठ्ठी एनटीएफएस डिस्कवरच राहू शकते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतो, तिथे कॉपी होताच चिठ्ठी गळून पडते आणि स्मार्टस्क्रीन (अनोळखी फाइल अडवणारा विंडोजचा पहारा) विचारतच नाही. पेनड्राइव्हवर चाललं म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका.

उपाय म्हणजे कोड सायनिंगचं सर्टिफिकेट, म्हणजे सॉफ्टवेअर कोणाचं ते सांगणारी डिजिटल सही करायचं. १ जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित सेवेत ठेवावी लागते, नुसती फाइल मिळत नाही. म्हणून बिल्ड कुठल्या मशीनवर होणार ते आधी ठरवा. सही तीन ठिकाणी हवी: अ‍ॅपच्या ईएक्सईवर, अनइन्स्टॉलरवर आणि सेटअपवर. इन्नो सेटअपमध्ये साइनटूल नेमलं की शेवटच्या दोन्हींचं तो बघतो, अ‍ॅपचं तुम्ही बघायचं. सहीला टाइमस्टँप जोडायला विसरू नका. तो नसला तर सर्टिफिकेट संपेल त्या दिवशी जुने सगळे सेटअपही संशयित होतील.

सही केली की लगेच निळी विंडो जाईलच असं नाही. स्मार्टस्क्रीन नावलौकिक बघतो, तो डाउनलोड होत होत जमतो. महागडं ईव्ही (जास्त कडक पडताळणीचं) सर्टिफिकेट घेतलं की पहिल्या दिवसापासून मोकळी वाट, हे पूर्वी होतं, २०२४ पासून नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पण परवानगीच्या विंडोतला फरक तत्काळ दिसतो. पिवळ्या पट्टीवरचं 'अज्ञात प्रकाशक' जाऊन निळ्या पट्टीवर तुमच्या संस्थेचं नाव येतं. ते नाव सर्टिफिकेटवरून येतं. तेव्हा सेटअपमधलं प्रकाशकाचं नाव, बिलावरचं नाव आणि हे नाव एकच असू द्या. दुकानाचं नाव एक आणि सहीवर दुसरंच दिसलं की वर्कशॉपचा मालक तिथेच थांबतो.

प्रश्न (बेलापूर): इन्स्टॉलरला किती पानं असावीत? आमचा सात पानांचा आहे.

उत्तर: तीन. पर्याय आणि 'इन्स्टॉल करा' यांचं एक, प्रगतीचं एक, समाप्तीचं एक. परवाना वकिलाने सांगितला असेल तर चौथं. स्टार्ट मेनूच्या गटाचं पान काढा. फोल्डर विचारायचं पान 'ऑटो' ठेवा, म्हणजे पहिल्यांदाच विचारेल आणि अपडेटला नाही. सरकारी आणि कॉलेजांतल्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे नसतो. अ‍ॅपला सर्व्हिस किंवा ड्रायव्हर लागत नसेल तर प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड 'लोएस्ट' करा, म्हणजे ते त्या वापरकर्त्यापुरतं बसेल आणि परवानगीची विंडोच येणार नाही. समाप्तीच्या पानावर 'आता सुरू करा' एवढी एकच चौकट. 'रीड मी वाचा' आणि 'आमच्या वेबसाइटला भेट द्या' या चौकटी आधीच टिक करून ठेवणं थांबवा.

प्रश्न (कळवा): अ‍ॅपचं नाव बदललं. आता ग्राहकाच्या यादीत जुनं आणि नवं अशी दोन अ‍ॅप दिसतात.

उत्तर: स्क्रिप्टमध्ये अ‍ॅपआयडी लिहिला नव्हता. तो नसेल तर इन्नो सेटअप नावालाच ओळख मानतो, आणि नाव बदललं की त्याच्या लेखी ते नवं अ‍ॅप. आता अ‍ॅपआयडीत जुनं नाव जसंच्या तसं, अक्षरही न बदलता लिहा. दाखवायचं नाव वेगळ्या ओळीत नवं ठेवा. पुढची आवृत्ती जुन्यावरच बसेल. ज्यांच्याकडे दोन झाली आहेत त्यांना नवं अनइन्स्टॉल करून ही दुरुस्त आवृत्ती द्या. त्याआधी डेटाची प्रत काढायला सांगा. नव्या अ‍ॅपची सुरुवात करणाऱ्यांनी टूल्स मेनूतून जीयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळखक्रमांक) बनवून पहिल्या दिवशीच घालावा. त्याच्या सुरुवातीचा महिरपी कंस दोनदा लिहायचा, कारण एकट्या कंसाला सेटअप स्थिरांकाची सुरुवात समजतो आणि कंपाइल करताना अडतो.